बुधवारच्या अंड्याबद्दल शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर एक चित्र रंगवलेलं आहे. वर 'सकस आहार' असं लिहिलंय. खाली केळीचा घड, दुधाचा पेला, पालेभाजीची जुडी, एक मासा आणि वाटीत दोन अंडी. भिंत पांढरी आणि अंडीही पांढरी, म्हणून पेंटरनं त्यांना कडेनं काळी रेघ ओढून दिली. नाहीतर दिसलीच नसती.

त्या चित्राखाली उभं राहून मी कित्येक वर्षं परिसर अभ्यासातला आहाराचा पाठ शिकवला. ऊर्जा देणारे पदार्थ कोणते, शरीराची बांधणी करणारे कोणते, रोगांपासून वाचवणारे कोणते. मुलं घडाघडा सांगायची. मग सुट्टी व्हायची आणि ती ताटल्या घेऊन ओळीनं खिचडीला बसायची. पूरक आहार म्हणून आठवड्यातून एकदा कधी केळं, कधी राजगिऱ्याचा लाडू, कधी बिस्किटाचा पुडा मिळे. अंडं क्वचित. नोव्हेंबर 2023 मध्ये तुमच्याच विभागानं शासन निर्णय काढला, की दर आठवड्याला प्रत्येक मुलाला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. तेव्हा पहिल्यांदा त्या भिंतीवरची वाटी नेमानं खाली उतरली.

28 जानेवारी 2025 च्या शासन निर्णयानं ती परत भिंतीवर गेली. अंडा पुलाव आणि खीर, नाचणी सत्त्व यांसारखे गोड पदार्थ आता 'ऐच्छिक' आहेत. अंड्यांसाठी आणि साखरेसाठी शासन वेगळा निधी देणार नाही. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावं.

हे पत्र मी या एका शब्दाबद्दल लिहिते आहे. लोकसहभाग.

मी कोण, ते आधी सांगते. 1988 साली मोखाडा तालुक्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. गेल्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि आता त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणप्रेमी सदस्य आहे. नोकरीत असते तर हे पत्र लिहिता आलं नसतं. सेवाशर्ती आड आल्या असत्या. आज अनेक मुख्याध्यापकांच्या मनात हेच आहे आणि त्यांना ते बोलता येत नाही, हेही एक कारण आहे.

शालेय पोषण आहाराची ही योजना मी तिच्या जन्मापासून पाहिली आहे. 15 ऑगस्ट 1995 ला ती देशात सुरू झाली तेव्हा आम्ही मुलांना तांदूळ वाटायचो. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी असेल त्याला तीन किलो. मुलं पिशवी घेऊन यायची. तांदूळ घरी जायचा, घरातल्या सात-आठ तोंडांत वाटला जायचा. शाळेतल्या पोराच्या वाट्याला त्यातलं किती येई, ते तुम्हीच मोजा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोरडा शिधा नको, शिजवलेलं अन्न द्या, किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं असलेलं. त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. आधी उघड्यावर, तीन दगडांवर. किचन शेड फार पुढे आली. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून स्वयंपाकी ताईंचे डोळे लाल व्हायचे आणि पहिलीच्या वर्गात धूर भरायचा. तरी शिजवलेल्या खिचडीनं जे केलं ते तांदळाच्या पिशवीनं केलं नव्हतं. दुपारी मुलं घरी पळायची थांबली.

हे सांगायचं कारण असं, की खिचडीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण खिचडीत काय असतं आणि काय नसतं, हे रोज जेवण चाखून चव रजिस्टरवर सही करणाऱ्या बाईला चांगलं ठाऊक असतं.

पहिली ते पाचवीच्या मुलासाठी नियम आहे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत. कागदावर मिळतात. पण वजनकाटा घेऊन बसा. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात आणि वीस ग्रॅम डाळीत साडेचारच्या आसपास. म्हणजे बारातला मोठा वाटा भाताचाच. भाताच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडतं. डाळ ती उणीव भरून काढते, पण वीस ग्रॅम डाळ शंभर ग्रॅम भाताला किती पुरणार? ब-12 जीवनसत्त्वाचं तर नावच नको. ते वनस्पतींत नसतंच. दूध, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. आमच्या पाड्यावरची मुलं सकाळी कोरा चहा पिऊन येतात. दूध घरात असतं कुठे? आणि चहाबरोबर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, ते वेगळंच.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, ज्या बारा ग्रॅमसाठी एवढा खटाटोप चालतो त्याच्या निम्मी. आणि तीही अशी, की शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यांत आहेत. शिवाय अ जीवनसत्त्व, ब-12, आणि बिचारं कवचासकट येतं. मी गमतीनं म्हणत नाही. वीस-बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघराजवळ काढल्यावर माझं एक पक्कं मत झालंय: वरणात पाणी वाढवता येतं, दुधातही घालता येतं, भाजी पन्नास ग्रॅमची तीस करता येते आणि कुणाला कळत नाही. अंड्यात पाणी घालता येत नाही. पहिलीतलं पोरही मोजू शकतं, की मला एक मिळालं, अख्खं मिळालं. म्हणून उकडलेल्या अंड्याचा जून 2024 च्या नव्या पाककृतींत 'अंडा पुलाव' झाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पुलावात अंडं चुरलं की कुणाच्या वाट्याला किती आलं, ते देवालाच माहीत.

आता बुधवारबद्दल, म्हणजे आमच्या अंड्याच्या दिवसाबद्दल. आमच्या शाळेत सातवीपर्यंत पटावर 64 मुलं. अंड्याचा ट्रे तीसचा. तालुक्याच्या गावाहून मोटरसायकलवर दोन ट्रे बांधून आणायचे आणि चार अंडी वेगळ्या पिशवीत, गळ्यात अडकवून. घाटातल्या खड्ड्यांत हमखास दोन फुटायची, म्हणून सहा घ्यायची असं ठरलं. एरवी हजेरी अठ्ठेचाळीस-पन्नास. बुधवारी साठ-बासष्ट. एकदा तर चौसष्टच्या चौसष्ट आली आणि त्याच दिवशी फुटली तीन. मी आणि सहशिक्षकांनी आपापलं सोडलं तरी एक कमीच. ताईंनी घरून आणलं, गावठी कोंबडीचं, लहानसं. ते कुणाला द्यायचं यावरून जी भांडणं झाली ती पाहण्यासारखी होती, कारण सगळ्यांना तेच हवं होतं.

इथे मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. शहरातले लोक विचारतात, अधिकारीही विचारतात: आदिवासींच्या घरी कोंबड्या असतात की, मग शाळेत अंडं कशाला? असतात, साहेब. दोन-चार असतात. पण त्या घरात अंडं खाल्लं जात नाही. कोंबडी खुडूक बसली की अंडी तिच्याखाली जातात, पिल्लं व्हावीत म्हणून. उरलेली आठवडी बाजारात जातात. गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्याहून जास्त भाव येतो आणि त्या पैशात मीठ, मिरची, तेल येतं. ज्याच्या घरी कोंबडी आहे ते पोरही बुधवारीच अंडं खात होतं.

सुरुवातीला शासन एका अंड्याला पाच रुपये देत होतं. थंडीत अंड्याचा भाव वाढतो, हे कुठलाही दुकानदार सांगेल. आम्हाला साडेसहा-सातनं मिळायचं. सात धरलं तर 64 मुलांमागे आठवड्याला 128 रुपये कमी पडायचे आणि निधी यायचा मागाहून. किती शाळांतल्या मुख्याध्यापकांनी हे पैसे खिशातून घातले, त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. आम्हीही दिला नाही. अंड्याचा देशभरचा भाव सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आहे, तिचं मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. रोजचा भाव जाहीर होतो. तो बघून दर ठरवणं अवघड नव्हतं.

तेव्हा तक्रार केली नाही, कारण अंडं येत होतं. आता करते.

माझी पहिली तक्रार लोकसहभागाचीच. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या समितीची बैठक झाली. अकराजण यायला हवे होते, सहा आले. बाकीचे दिवाळीनंतरच भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेत, ते होळीला येतील, नाहीतर पावसाच्या तोंडाला. नव्या मुख्याध्यापकांनी शासन निर्णय वाचून दाखवला. 'लोकसहभाग' शब्द आला तेव्हा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "म्हणजे आमीच द्यायचा का बाय?" मी काय सांगणार होते? तिची दोन मुलं शाळेत. नवरा भट्टीवर, उचल घेऊन गेलेला. ती उचल फिटेपर्यंत त्याच्या हातात जे पडतं त्याला पगार म्हणता येत नाही.

साडेसहानं धरलं तरी 64 मुलांचा आठवड्याचा खर्च 416 रुपये. मंत्रालयातून बघितलं तर ही रक्कम नाहीच. आमच्या पाड्यावर ती दर आठवड्याला, वर्षभर, कोण देणार? गावात एक किराणा दुकान आहे, तेही उधारीवर चालतं. कंपनी नाही, कारखाना नाही, मंदिराची मोठी देणगीपेटी नाही. तालुक्याला विचारलं तर उत्तर मिळालं, "जमवा काहीतरी." याच जिल्ह्यात महामार्गालगत, औद्योगिक वसाहतीजवळ शाळा आहेत. तिथे एखादी कंपनी सहज अंडी देईल, शेजारी फोटोही काढेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या मुलांनीही खावीत. पण अशा व्यवस्थेत अंडं कुणाला मिळणार? ज्या गावात पैसा आहे, त्या गावाला. आणि जिथे मुलाच्या घरी डाळही रोज शिजत नाही, तिथे 'ऐच्छिक' म्हणजे नाही. गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच अंडं नसणार, असा हा निर्णय आहे. तुम्ही तसं ठरवून केलं असेल, असं मी म्हणत नाही. पण त्याचा अर्थ तोच होतो.

लोकसहभाग आम्हाला नवा नाही, हेही नोंदवून ठेवते. तिथीभोजन आम्ही करतो. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, शहरातला एखादा माजी विद्यार्थी केळी घेऊन येतो. एकदा एक मंडळ चौसष्ट केळ्यांसाठी आठ फुटांचा फ्लेक्स घेऊन आलं होतं. फ्लेक्सचा खर्च केळ्यांहून जास्त असणार. हसून घेतलं. परसबागेत मुलांनी शेवगा, पालक, दुधी लावलाय, पावसाळा ते दिवाळी बरी भाजी निघते. मार्चनंतर प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे परसबाग कुठली. ही सगळी वरची भर आहे. पाहुणा आला की गोडधोड व्हावं, तशी. पण पाहुणा येईल तेव्हाच चूल पेटवायची असं कुठल्या घरात चालतं?

दुसरी तक्रार वयाची आहे. मला ही सर्वांत विचित्र वाटते आणि ती कुणी मांडताना दिसत नाही. आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून चार दिवस अंडं दिलं जातं, जो खात नाही त्याला केळी. योजना राज्याचीच. चांगली योजना आहे. तीतही खंड पडतात, पण आहे. आमची अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात आहेत, मध्ये एक आंब्याचं झाड. पोर पाच-साडेपाच वर्षांचं असताना झाडाच्या अलीकडे बसतं आणि चार दिवस अंडं खातं. जूनमध्ये पहिलीत नाव घातलं की ते झाडाच्या पलीकडे येतं. तिथे मागच्या वर्षी त्याला आठवड्याला एक तरी मिळत होतं. आता एकही नाही. पंधरा पावलांत त्या पोराच्या शरीराची गरज संपली का? आमच्या पहिलीतल्या एका पोरानं मला हे सरळ विचारलं. "बाई, बालवाडीत हाय, इथं का नाय?" मी म्हटलं, येईल. हे उत्तर देताना मला बरं वाटलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तुमच्या टेबलावर असतीलच. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 वयाच्या मानानं बुटकी निघाली, 36 कमी वजनाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय असलेली जवळजवळ 69. आधीच्या, 2015-16 च्या पाहणीत हा रक्तक्षयाचा आकडा 54 च्या आसपास होता. म्हणजे वाढला. आता साधा हिशेब करा: त्या पाहणीच्या वेळी जी पाच वर्षांच्या आतली होती, ती आज कुठे आहेत? आमच्या पहिली, दुसरी, तिसरी, चौथीत. मोजली गेलेली हीच पिढी, आणि अंडं काढलं तेही हिच्याच ताटातलं.

तिसरी नागलीची. तुम्ही नाचणी म्हणता, आमच्याकडे नागली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शाळांत प्रभातफेऱ्या निघाल्या, मुलांनी नागलीची कणसं हातात धरून घोषणा दिल्या. जून 2024 मध्ये नाचणीचं सत्त्व पाककृतींच्या यादीत आलं. मला मनापासून आनंद झाला, कारण नागली आणि वरई हे या डोंगरावरचं खरं पीक. नागलीत कॅल्शियम भरपूर, लोह बऱ्यापैकी, आणि ती इथल्या पोरांच्या आजीच्या हातची चव. सात-आठ महिन्यांत ती ऐच्छिक झाली. तीही जानेवारीत, जेव्हा नवी नागली घरोघरी येऊन दोन-अडीच महिने झालेले असतात. आणि कारण काय, तर साखर. साखर कारखान्यांच्या राज्यात शाळेच्या खिरीला साखर लोकांनी आणायची!

पण इथे मी तुमच्या बाजूनंही बोलते. साखर गेली, याचं मला दुःख नाही. मुलं एरवीच गोड फार खाऊ लागलीत. त्या उधारीच्या दुकानातही पाच रुपयांच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात, अंडं मात्र मिळत नाही. पाच रुपयांत आमच्या मुलांना विकत मिळतं ते मीठ, तेल आणि हवा. तेव्हा खीर बंद करा, हरकत नाही. गोड खिचडीही नको. पण साखरेबरोबर नागली का घालवता? ती गुळात होते. तिखटमिठाची आंबील होते. तुमच्या यादीत तज्ज्ञांनी ती गोड पदार्थ म्हणून घातली, म्हणून साखरेच्या रकान्याबरोबर तीही खोडली गेली. आमच्या ताईंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी चार प्रकार सांगितले असते.

त्या ताईंचंही सांगते, थोडक्यात. महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने. पंधरा पाककृतींची यादी, मोड आणायचे, भाजी चिरायची, भांडी घासायची, पाणी विहिरीवरून. अंड्याच्या दिवशी चौसष्ट अंडी उकडायची. सोलायची मात्र मुलं, तेवढीच मदत. अंडं गेल्यानं त्यांचं काम कमी झालं. पण बैठकीत सगळ्यात जास्त त्याच बोलल्या.

काहीजण म्हणतात, अंड्याला विरोध होता म्हणून बंद केलं. आमच्याकडे एकाही घरानं विरोध केला नाही. ज्यांना नको होतं त्यांच्यासाठी केळ्याची सोय शासन निर्णयातच होती. ओळखपत्रावर लाल-हिरवे ठिपके लावायलाही सांगितलं होतं. मला ते ठिपके आवडले नव्हते. मुलांच्या छातीवर त्यांच्या घरच्या चुलीची खूण कशाला? पण ज्यांना खायचं नाही त्यांचा मान राखायची व्यवस्था होती, एवढं नक्की. ज्यांना खायचं आहे त्यांचा मान कोण राखणार, एवढाच आता प्रश्न आहे.

आणि काहीजण म्हणतात, तिजोरीवर ताण आहे. अंड्यांसाठी वर्षाला पन्नास कोटींची तरतूद होती, असं वर्तमानपत्रांत वाचलं. सगळ्या राज्याच्या शाळांसाठी. तामिळनाडूत शाळेच्या मुलाला आठवड्यातून पाच दिवस अंडं मिळतं, आणि हे आजचं नाही, 2010 पासूनचं. शेजारच्या कर्नाटकात आता सहा दिवस मिळतं. तिथे काही दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलतं, म्हणजे तोही एका अर्थानं लोकसहभागच. पण तो सरकारनं राज्यासाठी एकदाच मिळवला. मोखाड्यासारख्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकाला दारोदार पाठवलं नाही. तुम्हाला देणगीदार हवे असतील तर तुम्ही बोलावा. तुमच्या एका फोननं जे होईल ते आमच्या शंभर अर्जांनी होणार नाही.

लाडक्या बहिणीचे दीड हजार आमच्या बायकांच्या खात्यात येतात. येऊ द्या, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. त्यातून घरात तेल येतं, औषध येतं, एखादीचं कर्ज फिटतं. पण नातं जोडलंच आहे तर पुरतं जोडावं. बहिणीचं पोर हा तुमचा भाचा लागतो. बहिणीला ओवाळणी घालून भाच्याच्या ताटातलं उचलून नेणारा भाऊ आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईल. त्याआधी आमच्या मागण्या, सोप्या भाषेत:

1. अंड्याचा निधी परत द्या. आठवड्याला किमान एक, उकडलेलं, अख्खं. पुलावात नको.

2. अंडं की केळं, ही निवड मुलाची आणि पालकांची असू द्या. द्यायचं की नाही, हे गावाच्या ऐपतीवर सोडू नका. 'ऐच्छिक' हा शब्द शासन निर्णयातून काढा.

3. दर बाजारभावाशी जोडा आणि पैसे सत्राच्या सुरुवातीला शाळेच्या खात्यावर द्या. मुख्याध्यापकाच्या पगारातून अंडी यायला नकोत. केंद्रानं ठरवलेला, केंद्र आणि राज्यानं मिळून द्यायचा पहिली ते पाचवीच्या मुलामागचा दिवसाचा सामग्री खर्च डिसेंबर 2024 मध्ये वाढून 6 रुपये 19 पैसे झाला. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं बसवायचं. त्यातूनच 'बचत करून' अंडी आणा, असं कृपया सांगू नका.

4. अमृत आहार योजना जिथे आहे, त्या आदिवासी तालुक्यांत अंगणवाडीइतकीच, म्हणजे आठवड्याला चार अंडी, पहिलीपासून आठवीपर्यंत द्या. हे खर्चाचं आहे, ठाऊक आहे. एका वर्षात नाही जमलं तर पहिली-दुसरीपासून सुरू करा.

5. नागली आणि वरई शाळांनी तालुक्यातल्याच शेतकऱ्यांकडून किंवा बचत गटांकडून घ्यावी अशी मुभा आणि निधी द्या. साखर नको.

6. स्वयंपाकी ताईंचं मानधन वाढवा आणि बारा महिन्यांचं करा.

गेल्या बुधवारी मी शाळेत गेले होते. मसालेभात होता, चांगला झाला होता, ताईंच्या हाताला चव आहे. पटावर 64, हजर 47. चौथीतली एक मुलगी ताटली घेऊन नेहमीच्या जागी बसली आणि मला म्हणाली, "बाई, आज बुधवार हाय ना?" मी हो म्हटलं. तिनं पुढे काही विचारलं नाही.

प्रत्येक शाळेत एक चव रजिस्टर असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास एखाद्या मोठ्या माणसानं जेवण चाखायचं आणि सही करायची. तारीख, पदार्थ, चाखणाऱ्याचं नाव, अभिप्राय असे चार रकाने. आमच्या रजिस्टरमध्ये शिक्षक, पालक, एकदा तलाठी, एकदा डॉक्टर अशा सह्या आहेत. एका बुधवारी तुम्ही या. नाशिककडून आलात तर रस्ता त्यातल्या त्यात बरा आहे. ताफा खाली फाट्यावर ठेवा, वर गाडी फिरवायला जागा नाही. आमच्याबरोबर मांडी घालून जेवा, भिंतीवरचं चित्र बघा, आणि अभिप्रायाच्या रकान्यात तुम्हाला जे वाटेल ते लिहा. पेन शाळेचं आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
ता. मोखाडा, जि. पालघर
फेब्रुवारी 2025